इकडे बघू नका

राजारामपुरीतल्या बहुतेक घरांत फोटोंचा एक तरी अल्बम असतो. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, ठेवणीतल्या साड्यांखाली. तो बाहेर निघतो पाहुणे आले की, नाहीतर घरातलं कुणी गेलं की, कारण भिंतीवर लावायला एखादा बरा चेहरा शोधायचा असतो. आत काय असणार हे उघडण्याआधीच माहीत असतं. बारसं, जावळ, शाळेचा ग्रुप, साखरपुडा, लग्न, डोहाळजेवण, वास्तुशांत, नव्या स्कूटरची पूजा, जोतिबाच्या डोंगरावरचा एखादा. सगळीकडे माणसं आपल्याकडे बघत उभी. हात सरळ, पदर नीट, पोरांच्या केसांना चपचपीत तेल.

या फोटोंना मी कमी लेखत नाही. घराला चार लोकांत कसं उभं राहावंसं वाटत होतं ते त्यांत आहे, आणि तेही खरंच आहे. पण ज्या आईनं उभा जन्म ओट्यापुढे काढला, तिचा ओट्यापुढचा एक फोटो त्या अल्बमात सापडत नाही. आबा चष्मा कपाळावर चढवून पेपर डोळ्यांजवळ न्यायचे, आत्ती मिरच्यांचे देठ मोडताना एक पाय लांब करून बसायची, दोघं भाऊ एकाच ताटासाठी ढकलाढकली करायचे, दुपारी सगळं घर फरशीवर आडवं व्हायचं. यातलं काही कुठेच नाही. घराचा रोजचा वावर तेवढा नेमका वगळला गेला.

का वगळला गेला, हे शोधता शोधता या पुस्तकातले फोटो जमत गेले. ते नामवंत छायाचित्रकारांचे नाहीत. राजारामपुरीत आणि आसपास राहणाऱ्या कुटुंबांत घरच्याच कुणीतरी काढलेले आहेत. फोटोत कुणी कॅमेऱ्यासाठी उभं राहिलेलं नसावं, एवढी एकच अट निवडताना ठेवली.

पहिलं कारण यंत्रातच होतं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी मराठी माणसं त्या काळापासून कॅमेरा हाताळत होती. तेव्हाच्या ओल्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ माणसानं हलायचं नाही, म्हणून मान स्थिर ठेवायला मागून लोखंडी आधार लावत. हलत्याबोलत्या घराचा फोटो तेव्हा शक्यच नव्हता. पुढे काचा वेगवान झाल्या, फिल्म आली, पण फोटोसाठी श्वास धरून उभं राहायचं ही सवय अंगातून गेली नाही.

कोल्हापुरात या सवयीला रंगवलेल्या पडद्याची जोड होती. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांचा मोठा लौकिक होता. फोटो स्टुडिओतही माणसामागे असाच महाल, कमान नाहीतर तळं असे. मात्र त्याच बाबूरावांनी १९१८ साली इथे सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, १९२० साली ‘सैरंध्री’ काढला आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’मध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचं घर पडद्यावर आणलं. पौराणिक दरबारापासून शेतकऱ्याच्या घरापर्यंत एक माणूस इतक्या थोड्या वर्षांत पोचला, याचं मला फार मोल वाटतं. सिनेमातला गरीब माणूस आपल्या घरात कसा बसतो हे कोल्हापूरकरांनी थिएटरात पाहिलं. आपण स्वतः आपल्या घरात कसे बसतो, हे फोटोत यायला मात्र पुढे कितीतरी वर्षं गेली.

राजारामपुरी ही छत्रपती राजाराम महाराजांच्या नावानं वसलेली आखीव वस्ती. जुन्या पेठांतल्या बोळांऐवजी इथे सरळ गल्ल्या, आणि त्यांची ओळख क्रमांकानं. कुणी विचारलं तर माणूस ‘सातव्या गल्लीत’ नाहीतर ‘बाराव्या गल्लीत’ राहतो. इथल्या जुन्या फोटोंच्या जागाही अशाच ठरलेल्या दिसतात: पुढच्या पायऱ्या, फाटक, गच्ची. सगळ्या उघड्यावरच्या. याचं कारण मला बरेच दिवस उमगत नव्हतं. ते उमगलं एका घरातला आग्फा क्लिक थ्री हातात घेतल्यावर. साठ-सत्तरच्या दशकांत अनेक मध्यमवर्गीय घरांत पहिला कॅमेरा आला तो हाच. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. ठरवायचं ते एवढंच, की बाहेर ऊन आहे की ढग. घराच्या आत, चुलीच्या किंवा स्टोव्हच्या उजेडात, त्या भिंगाला काही दिसतच नसे. आईचा स्वयंपाकघरातला फोटो नाही, याला माणसांची सवय जेवढी कारण तेवढंच ते भिंगही कारण.

आणि पैसा. बारा फोटो म्हणजे बारा. रोल विकत घ्यायचा, धुवायला द्यायचा, प्रती काढायच्या. त्यातला एक फोटो गहू निवडणाऱ्या आजीवर घालायचा ही कल्पना कुणाला सुचली तरी परवडली नसती. म्हणून हाक मारून सगळ्यांना गोळा करायचं, उंचीप्रमाणे उभं करायचं आणि एका फोटोत जास्तीत जास्त माणसं बसवायची. त्या काळच्या कुटुंबप्रमुखाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे हिशेब होता.

मग या पुस्तकातले जुने फोटो आले कुठून? बहुतेक सगळे रोलच्या शेपटीतून आले. पुढे छत्तीस फोटोंचे रोल आणि यशिकासारखे फ्लॅश असलेले कॅमेरे घरोघर दिसू लागले. लग्न नाहीतर सहल उरकली, तरी दोन-चार फोटो शिल्लक राहत. रोल संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, आणि लग्नाचे फोटो बघायची घाई तर सगळ्यांनाच. मग मामा घरी आल्यावर ‘रोल संपवायला’ म्हणून दिसेल त्यावर बटण दाबायचे. पाटावर पेंगणारं पोर. केसांतला गुंता काढणारी मामी. अर्धी दाढी झालेले काका. हे फोटो काढताना कुणी कुणाला सावरून बसायला सांगितलं नाही, कारण ते फोटो कुणाच्या लेखी फोटोच नव्हते. धुऊन आल्यावर ते अल्बममध्ये लागलेही नाहीत. लॅबच्या पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्यांबरोबर पडून राहिले. म्हणून घरोघर गेल्यावर मी अल्बम मागितला नाही, पाकिटं मागितली.

त्यातला एक फोटो मी पुन्हा पुन्हा बघतो. उन्हाळा आहे, गच्चीवर जुन्या साड्या आणि चादरी अंथरून मिरच्या वाळत घातल्या आहेत. कोल्हापुरात वर्षाची चटणी करायची म्हणजे घरातल्या बायकांचे कित्येक दिवस त्यात जातात. मिरच्या वाळवायच्या, देठ मोडायचे, खोबरं-तीळ-धणे भाजायचे, डंकावर कांडून आणायची आणि मग घरी कांदा-लसूण लावायचा. फोटोत तिघीजणी बसल्या आहेत. एकीनं पदर नाकावरून मागे नेऊन घट्ट बांधला आहे. दुसरी शिंकण्याच्या बेतात आहे, तिचा चेहरा वेडावाकडा झालाय. तिसरी कुणाला तरी काही सांगते आहे आणि तिचा हात हवेत आहे. डाव्या कडेनं एक हात चहाची कपबशी घेऊन आत येतो, तो कुणाचा ते कळत नाही. मागे तारेवर शाळेचे दोन गणवेश वाळताहेत. कठड्यावर ट्रान्झिस्टर. काढणाऱ्यानं यातलं काहीही ठरवून घेतलेलं नाही. आणि तरी त्या काळी मिरच्या किती घेत, काम किती जणी मिळून करत, त्या वेळी काय ऐकत, घरात शाळेत जाणारी पोरं किती होती, हे सगळं त्या एका फोटोत आहे. त्याच घरातला त्याच वर्षाचा लग्नाचा फोटोही मी पाहिला. त्यात या तिघी ओळीत उभ्या आहेत, आणि त्यांच्याविषयी त्यातून जवळपास काहीच कळत नाही.

याच फोटोंतून आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. पंगतीच्या फोटोंमध्ये वाढणाऱ्या बायका उभ्या आहेत आणि बसलेले पुरुष आहेत. रविवारी दुपारी तांबडा-पांढरा रस्सा झाल्यावर, पातेली रिकामी झाल्यावर, बायका जेवायला बसल्या आहेत तो फोटो वेगळा आहे, आणि तो मला मोजक्याच पाकिटांत सापडला. कोण खुर्चीत बसतं, कोण जमिनीवर, कोण दाराच्या चौकटीला टेकून उभं राहतं, भांडी घासायला येणाऱ्या मुलीचा अर्धा खांदाच तेवढा कसा फोटोत येतो. पोझच्या फोटोत सगळ्यांना सारखी जागा मिळते. न ठरवलेल्या फोटोत घरातली उतरंड जशीच्या तशी राहते. मला वाटतं, असे फोटो फारसे काढले गेले नाहीत आणि काढलेले जपले गेले नाहीत, याचं तिसरं आणि सगळ्यांत खोल कारण इथे आहे. घराला आपला मान जपायचा होता, आणि हा मान कुणाच्या कष्टांवर उभा आहे ते या फोटोंत उघड दिसत होतं.

शिवाय कॅमेरा कुणाच्या हातात होता तेही बघायला हवं. मी पाहिलेल्या जुन्या पाकिटांत तो जवळपास नेहमी वडिलांच्या, काकांच्या किंवा थोरल्या भावाच्या हातात आहे. बायका काय बघत होत्या हे त्यातून कळायचा मार्गच नाही. फोनमुळे हे बदललं, आणि मला हा मोठा बदल वाटतो. पुस्तकातले अलीकडचे बहुतेक फोटो मुलींनी आणि सुनांनी काढलेले आहेत. त्यांत स्वयंपाकघर आहे, बाळंतिणीची खोली आहे, दोन जावा एकमेकींच्या पाठीला पाठ लावून बसल्या आहेत, आणि बापलोकही आहेत, झोपलेल्या लेकराखाली हात अडकलेले.

मराठी छायाचित्रकारांनी घराबाहेरचं जग नेटानं टिपलं. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर हिंडले, सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं समोर आणलं, गौतम राजाध्यक्षांनी चेहरे उजळवले. या कामापुढे मी नम्र आहे. पण घराच्या आतला फोटो यांच्यापैकी कुणी आपल्याला काढून देऊ शकत नाही, कारण बाहेरचा माणूस उंबऱ्यात आला की घर सावरून बसतं. हा फोटो घरातल्याच माणसाला काढावा लागतो. झाक आंरी लार्तिग या फ्रेंच मुलानं हे लहानपणीच केलं. १८९४ साली जन्मलेल्या या मुलाच्या हातात सात-आठ वर्षांचा असताना कॅमेरा आला, आणि तो आपल्या भावाचे, चुलत भावंडांचे, घरच्यांच्या उड्यांचे आणि पडझडीचे फोटो काढत सुटला. जगाला त्याची मोठी ओळख झाली ती १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शन भरलं तेव्हा. तोवर तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. घर श्रीमंत होतं, कॅमेरा महाग होता, हे सगळं खरं. पण त्याचं खरं भांडवल होतं त्या घरात त्याच्याकडे कुणी लक्ष देत नसे, हे.

तेच भांडवल प्रत्येक घरात कुणाकडे तरी असतं. सुरुवातीला ते पुरत नाही. फोन वर केला की आई ओरडते, ‘आत्ता नको रं, थांब की, साडी तरी बदलून येतो.’ पोरं दोन बोटं वर करतात. आबा पेपर खाली ठेवून ताठ बसतात. अशा वेळी वाद घालू नये, एक तसा फोटो काढून द्यावा आणि तिथेच बसून राहावं. भाजी निवडू लागावी. थोड्या वेळानं सगळे आपापल्या कामाला लागतात. मग फोन पुन्हा उचलला तर कुणी मान वर करत नाही. फोटो काढणाऱ्यानं कामात भाग घेतलेला असला की घर त्याला विसरतं, हा माझा अनुभव आहे.

बाकी युक्त्या थोड्या आहेत आणि साध्या आहेत. फ्लॅश बंद, फोनचा आवाज बंद. आपल्याकडची बरीच कामं जमिनीवर बसून होतात, म्हणून काढणाऱ्यानंही बसावं. उभ्यानं काढलेल्या फोटोत भाकरी थापणारी बाई नुसती डोक्याचा भांग होऊन राहते. खोली आवरू नये. खिडकी किंवा दार एका बाजूला येईल असं बसावं, म्हणजे उजेड चेहऱ्यावरून आणि हातांवरून सरकत जातो. उजेडाच्या छटा कशा बघाव्यात हे शिकायचं असेल तर राजारामपुरीतच सोय आहे. चित्रपटांतून गाजलेले चंद्रकांत मांडरे चित्रकारही होते, आणि त्यांचं इथलं घर आता कलासंग्रहालय आहे. पावडर शेडिंगमधली त्यांची निसर्गचित्रं निवांत बघावीत. गडदापासून फिकटापर्यंत किती पायऱ्या असू शकतात ते तिथे कळतं, आणि मग आपल्याच स्वयंपाकघरातला सकाळचा उजेड वेगळा दिसू लागतो.

नकळत काढलेल्या फोटोवर हक्क कुणाचा, हा प्रश्न मात्र युक्तीनं सुटत नाही. अमेरिकन छायाचित्रकार सॅली मान यांनी आपल्या तीन मुलांचे घरातले फोटो १९९२ साली पुस्तकात छापले. ते फोटो विलक्षण आहेत आणि त्यांतले काही ठरवूनही घेतलेले आहेत. मुलांचे उघडे फोटो असे जगापुढे ठेवावेत का, यावर तेव्हा मोठं वादळ उठलं. माझं मत सरळ आहे. काढताना विचारता येत नाही, पण दाखवण्याआधी विचारता येतं, आणि विचारलंच पाहिजे. फोटो पहिल्यांदा बघण्याचा मान त्यातल्या माणसाचा. त्यानं ‘पुस’ म्हटलं तर पुसायचा, कितीही सुंदर असला तरी. आजारी माणूस, न्हाऊन आलेली बाई, रडणारं मूल, यांचे फोटो घराबाहेर जाऊ देऊ नयेत. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो आपल्या हातून गेलेला असतो. आणि घरकामाला येणाऱ्या बाईलाही तितक्याच गांभीर्यानं विचारावं. तिला ‘नको’ म्हणणं सोपं नसतं, म्हणून जास्तच. इथे छापलेल्या प्रत्येक फोटोतल्या हयात माणसांना, आणि हयात नसलेल्यांच्या घरच्यांना, फोटो दाखवून होकार घेतलेला आहे. काही फार चांगले फोटो त्यामुळे गळले. ते गळले याची खंत नाही.

उरला जपण्याचा प्रश्न, आणि कोल्हापुरात तो पाण्याशी जोडलेला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २००५, २०१९ आणि २०२१ साली नदीनं ती ओलांडली आणि काठच्या वस्त्यांत, शिरोळ-करवीरच्या गावांत घरं पाण्यात गेली. त्या घरांतले अल्बमही गेले. माणसं आणि जनावरं वाचवताना अल्बम कुणाला आठवणार, आणि आठवूही नये. पण पाणी ओसरल्यावर अनेकांनी चिकटलेले फोटो ओढून सोडवले, किंवा गठ्ठाच उन्हात वाळवला, आणि जे वाचलं असतं तेही गेलं. फोटोच्या कागदावरचा थर जिलेटिनचा असतो. भिजल्यावर तो फुगतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला कायमचा धरतो. म्हणून भिजलेले फोटो चिकटलेल्या अवस्थेत वाळू देऊ नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलक्या हातानं सुटे करावेत, चित्राच्या बाजूला बोट लावू नये, आणि चित्र वर ठेवून सावलीत, टीपकागदावर किंवा स्वच्छ सुती कापडावर वाळवावेत. लगेच जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले तरी नंतर ते सोडवता येतात. निगेटिव्ह सापडल्या तर त्या फोटोंपासून वेगळ्या, दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या गावी ठेवाव्यात.

फोनमधले फोटो पुरात वाहून जात नाहीत, पण फोन बदलला की जातात, आणि राहिले तरी हजारोंच्या ढिगात कुणाला सापडत नाहीत. यावर मला एकच उपाय ठाऊक आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास घर जमलेलं असताना, घरच्यांनी मिळून थोडे फोटो निवडावेत आणि लॅबमधून चार बाय सहाच्या प्रती करून घ्याव्यात. प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीनं, जोर न देता, कोण, कुठे, काय करताना आणि कोणतं साल एवढं लिहावं. निवडताना घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवावं. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, कोपऱ्यातला बंब, कपबशी घेऊन आलेला हात कुणाचा, हे त्यांनाच सांगता येतं, आणि त्या गप्पांतून जे निघतं ते फोटोइतकंच लिहून ठेवण्याजोगं असतं.

पुस्तकातल्या फोटोंखाली नावं दिलेली नाहीत, कारण घरच्यांनी तसं सुचवलं. नातं आणि काम दिलं आहे: ‘थोरली जाऊ, गहू निवडताना’, ‘आजोबा, सायकलची साखळी बसवताना’. साल फोटोच्या मागे लिहिलेलं मिळालं तिथेच छापलं आहे, अंदाजानं कुठेही टाकलेलं नाही. मांडणी सालांच्या क्रमानं नाही, दिवसाच्या वेळेप्रमाणे आहे. पहाटे पाणी तापवण्यापासून रात्री दाराला कडी लावेपर्यंत. त्यामुळे क्लिक थ्रीनं काढलेला काळा-पांढरा फोटो आणि कालपरवाच्या फोनमधला रंगीत फोटो एकाच पानावर शेजारी येतात, आणि त्या दोन फोटोंमधल्या काळात घरातलं कुठलं काम कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं, कुठलं कुणाच्याच हातात राहिलं नाही, ते वाचकाला आपलं आपण ताडून बघता येईल.